डाव्या सीटखालचा चिरा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. फोनच्या पडद्यावरची ही वेळ मी त्याच क्षणी वहीत उतरवली. वेळ लिहिली नाही तर घटना घडली यावर माझा विश्वास बसत नाही, आणि ही सवय मला ज्या माणसाने लावली त्याच्याच मृत्यूची बातमी त्या फोनवर आली होती. "बाय, तुजो मामा गेलो गो…" एवढेच शालूमामी बोलली. तिच्या मागे पाण्याचा पंप चालू होता. झोपेतच हृदय बंद पडले होते. वय एकोणसाठ. मी पुण्याहून निघून मुळगावला पोहोचले तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते. पहिले बारा दिवस मी इतरांसारखीच रडले. तेराव्या दिवशी मी त्याच्या पिकअपचे मागचे चाक उघडले. त्यानंतर मला रडू आलेले नाही.

बाबलमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. कागदोपत्री विश्वनाथ, पण त्या नावाने त्याला बँकेतसुद्धा कोणी ओळखत नसे. उमेदीची वीस वर्षे त्याने खाणीवरच्या टिपरांखाली उताणे पडून काढली. खाण बंद पडल्यावर मुळगावात घराशेजारीच पत्र्याची शेड घातली आणि गॅरेज सुरू केले. तो दहावीपुढे शिकलेला नव्हता, पण मोजल्याशिवाय त्याने कधी बोल्ट आवळला नाही. गिऱ्हाईक म्हणे, "मामा, ब्रेक जरा कमी लागता." मामा विचारी, "जरा म्हणजे किती? वीत की हात?" आणि गिऱ्हाइकाला उत्तर देता आले नाही तर गाडी रस्त्यावर नेऊन, चुन्याची रेघ मारून, त्या रेघेपाशी ब्रेक दाबून, थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजून मगच हत्यार हातात घेई. "आकडो फट मारना, बाय. मारता तो माणूस." खोटे बोलतो तो माणूस, आकडा नव्हे… हे वाक्य मी नववीत असताना ऐकले आणि माझ्या मते त्याच दिवशी माझे शिक्षण ठरले.

पण माझे पहिले काम त्याहून जुने आहे. सात वर्षांची असल्यापासून मी सुट्टीत त्याच्या गाडीत डाव्या सीटवर बसत असे, आणि आमच्याकडे डाव्या सीटवर बसणाऱ्याला फुकट बसता येत नाही. खाणीवरच्या ड्रायव्हरांची ती रीत होती. चढावर किंवा उतारावर गाडी उभी केली की डावीकडच्याने खाली उडी मारायची आणि चाकामागे दगड लावायचा. निघताना ड्रायव्हरने गिअर टाकून "काढ!" म्हटले की दगड उचलायचा आणि धावत येऊन बसायचे. हँडब्रेक ही वस्तू आमच्या भागात दाखवण्यापुरती होती. खाणीची लाल धूळ केबलमध्ये जाऊन ती केव्हाच जाम होई आणि तिच्या दुरुस्तीला कोणी गाडी आणतही नसे. आमचा दगड म्हणजे जांभ्या चिऱ्याचा एक तुकडा, साधारण पावाच्या लादीएवढा, एका बाजूने चाकाच्या घेरानुसार घासून गोल केलेला. तो डाव्या सीटखाली असे. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक फ्रॉकवर पोटापाशी एक तांबूस डाग आहे, तो त्या चिऱ्याचा.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी संगणकावर भागणारे विषय घेतले. मला रस्त्यावर तपासता येईल असे काही हवे होते. मामाच्या पिकअपला, त्या वयाच्या सगळ्या पिकअपांसारखे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक होते. भरलेली गाडी घाटातून उतरवली की बंद डब्यासारखे ते ड्रम आतल्या आत तापत आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेक मऊ पडत असत. मी म्हणाले, मागेही डिस्क बसवू. उघडी असल्यामुळे ती लवकर थंड होते. आणि हा बदल आपल्याकडच्या लाल धुळीत, पावसात, वर्ष-दीड वर्ष कसा टिकतो याच्या नोंदी ठेवू. त्या कोणी ठेवलेल्या नाहीत. मामाने माझ्याकडे पाहिले, मग ड्रमकडे पाहिले. "ड्रमान तुजा काय वायट केलां गो?" असे विचारून तो चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात जॅक होता.

एप्रिलपासून जूनपर्यंत आम्ही ते काम केले. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा, एका मोडीत निघालेल्या मोटारीच्या पुढच्या चाकांचे मिळाले. ते आमच्या धुऱ्यावर बसवण्यासाठी दहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे ब्रॅकेट लागणार होते. मी त्याचे रेखाचित्र काढले. मामाने ते नीट पाहिले, मग जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा कापून तसाच नमुना केला आणि चाकाला लावून दाखवला. एक भोक तीन मिलिमीटरने चुकले होते, आणि चूक माझी होती. "पुठ्ठो फाटलो तर फाटूं दे. लोखंड फाटता तेव्हा आवाज येता," एवढेच तो म्हणाला. माझे हात ग्रीसने काळे झाले की, "इंजिनेर बाय, हात काळे जाले म्हणून डिग्री जळना मगे!" असे ओरडे, आणि मामी आतून उत्तर देई, "तुजी डिग्री खंय आसा ती पयली दाखय!"

पहिल्या दिवशी गाडी दोन किलोमीटर नेऊन आणली, ब्रेक जेमतेम तीन वेळा दाबला, तरी मागच्या दोन्ही डिस्क हात लावता येणार नाहीत इतक्या तापल्या. मी पुस्तके घेऊन बसले. मामा चाकापाशी उकिडवा बसून नुसता वास घेत होता. "बाय, हो दाबलेल्या ब्रेकाचो वास न्हय. हो धरून ठेवलेल्या ब्रेकाचो. कोण तरी पाय सोडूक नाय." त्या एका वाक्यावरून मला कारण सापडले. ड्रमची यंत्रणा चटकन लागावी म्हणून मास्टर सिलिंडरमध्ये एक लहानशी झडप असते. पाय उचलल्यावरही ती मागच्या नळीत थोडा दाब राखून ठेवते. ड्रमला तो दाब चालतो, डिस्कला चालत नाही. पॅड घासतच राहतात. झडप काढली, नळ्यांतली हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी डिस्क जेवणाच्या ताटासारख्या थंड राहिल्या. त्याच्या नाकाचे आणि माझ्या पुस्तकाचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, तो दिवस मला आजही माझ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ दिवस वाटतो… म्हणूनच पुढचे लिहायला जड जाते.

कारण त्याच आठवड्यात मी हँडब्रेकबद्दल विचारले होते. मूळ हँडब्रेकची केबल ड्रमच्या आतल्या लायनरना ओढत असे. ड्रम गेले, म्हणजे हँडब्रेक गेला. आम्हाला मिळालेले कॅलिपर पुढच्या चाकांचे, त्यांना हँडब्रेकची सोयच नव्हती. मामा हसला. "हँडब्रेक? तो आमच्यात कोण ओढता? तू आसस न्हय डाव्या बाजूक!" आणि मीही हसले. प्रकल्पाच्या अहवालात त्या ठिकाणी मी लिहिले, "वाहन उभे करण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक अवरोध वापरला आहे." परीक्षकांना ते वाक्य भारदस्त वाटले असावे; त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. स्वतंत्र यांत्रिक अवरोध म्हणजे चिऱ्याचा तुकडा होता, आणि तो लावणारी यंत्रणा मी होते. मी खोटे लिहिले नव्हते, पण वाचणाऱ्याला खरे कळू नये असे लिहिले होते. हा फरक तेव्हा मला पुरेसा वाटला. गाडीत असा बदल करताना लागणाऱ्या रीतसर परवानगीचेही तसेच. प्रयोगापुरते आहे, पुढे पाहू, म्हणत आम्ही ते मागे टाकले.

ऑक्टोबरात मला पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात नोकरी लागली. जूनपासून तोवरची मोजमापे मी स्वतः घेतली होती. पुढची मामा घेणार होता. जाडी मोजायचे माझे व्हर्नियर मी त्याच्या हातात दिले तेव्हा त्याने ते शर्टाला पुसून खिशात ठेवले, पेन ठेवतात तसे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्याचा फोन येई. "लिव," असे म्हणून तो सुरुवात करी. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळे नंतर. पॅडची जाडी, डिस्कचे तापमान, ताशी चाळीसच्या वेगापासून थांबेपर्यंतचे अंतर. तीन आकडे. मग म्हणे, "लिवलंस? वाच बघू." मी वाचून दाखवी. माझी पुण्यातली खोली, कामाचा ताण, एकटेपणा, यातले काही त्या तीन आकड्यांसमोर टिकत नसे. जानेवारीत माझ्या शोधनिबंधाचा सारांश एका परिषदेने स्वीकारला. त्याच्या बळावर मी परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला. मामाला हे मी फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बरां जाला, बाय. खूप बरां जाला." मला वाटले, आनंदाने तो तेच वाक्य दोनदा म्हणाला.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी ऑगस्टमध्ये आलेख पाहून विचारले होते, "पॅडची झीज यंदा इतक्या सरळ रेषेत कशी? पावसाळ्यात चिखल जातो, तेव्हा रेषा थोडी तरी वाकायला हवी." मी त्यांना ठामपणे सांगितले, की माझा मामा फार काळजीपूर्वक मोजतो. हे वाक्य मी वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. ते मला पुन्हा पुन्हा वाचावे लागते.

चवथीला मी घरी आले. गाडी शेडमध्ये नव्हती. "पेडण्याक गेली आसा," मामा म्हणाला. "वळखीच्या माणसान न्हेली माटोळयेचा सामान हाडूक. चवतीक पिकअप घराकडे रवता काय खंय?" माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची फळाफुलांची चौकट, त्या दिवसांत रानातले सामान आणायला ज्याच्याकडे गाडी त्याची मागणी असतेच. शंका घेण्यासारखे त्यात काही नव्हते. मामीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटे वाकडी झाली होती. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा ती डाव्या हाताने मुडपत होती. मी विचारले. "न्हाणीत पडलंय," ती म्हणाली आणि मामा म्हणाला, "हां, न्हाणीत. शेवाळ." दोघे एकाच वेळी बोलले, एवढे माझ्या ध्यानात राहिले. अर्थ ध्यानात आला नाही.

आता तेराव्या दिवसाकडे येते. २६ नोव्हेंबर. आदल्या दिवशी पाहुणे जाऊन घर रिकामे झाले होते. मला वाटले, जाण्यापूर्वी एक शेवटची नोंद आपल्या हाताने घ्यावी. नऊ तारखेच्या रविवारी त्याने सांगितलेला पॅडचा आकडा पाच पॉइंट आठ मिलिमीटर होता, त्याच्याखाली एक ओळ त्याच्यासाठी लिहायची होती. शेडमध्ये जाऊन मी जॅक लावला, नट सोडवले, चाक ओढले. चाकामागे ड्रम होता. लाल मातीने माखलेला, कडेला गंजाची जुनी रेघ असलेला, तोच मूळचा ड्रम, जो मीच दीड वर्षापूर्वी काढून भिंतीशी ठेवला होता. मी दुसरे चाक उघडले. तिथेही ड्रम. एखादी गोष्ट दिसत असूनही तिची नोंद न होणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. मी खाली जमिनीवर बसले आणि मनात हिशेब मांडू लागले: परवा बसवले असतील, गेल्या महिन्यात बसवले असतील… पण ड्रमच्या पाठीवरची माती थरांची होती. तिच्यात एक आख्खा पावसाळा होता.

मामी शेडच्या दारात उभी होती. तिने चाक पाहिले, मला पाहिले. "उगडलंस?" एवढेच विचारले आणि पदराने हात झाकला. त्या हालचालीने मला अर्धे कळले. उरलेले तिने सांगितले.

मी पुण्याला गेल्यावर डावी सीट तिच्याकडे आली होती. जानेवारीत दोघे नारळाची पोती भरून फेरीबोटीने नदीपलीकडे निघाले होते. फेरीची वाट पाहत गाडी धक्क्याच्या उतारावर उभी राहिली; मामी उतरली, चिरा लावला. भरतीचे पाणी नुकतेच ओसरलेले, उतार शेवाळाने बुळबुळीत. मामाने सवयीने पाय उचलला. चिरा घसरला. मामीने तो धरायला हात घातला… कोणीही शहाणे माणूस घालणार नाही, पण आयुष्यभर ज्यांनी ते काम केले त्यांचा हात विचार न करता जातो. मामाने तत्क्षणी ब्रेक दाबला, म्हणून दोन बोटांवर भागले. "तुज्या डिस्कान बरोबर धरली हां गाडी," मामी म्हणाली. तिला यात माझे कौतुक करायचे होते.

पुढच्याच आठवड्यात मामाने ड्रम परत बसवले, केबल नवी घातली, हँडब्रेक नीट केला. "माका का सांगूक नाय?" मी विचारले. माझ्या तोंडून तिथली बोली आपोआप आली. "त्याच दिसांनी परिषदेत तुजां नाव लागलां न्हय. तो म्हणालो, शालू, बायेक आता कायच कळूक जाय ना. तिची बोट पलीकडे लागूं दे, मागीर सांगया."

गाडीच्या खणात त्याची वही होती. इंजिन ऑइलचे डाग पडलेली, दुरेघी. मला वाटले होते, त्याने दहा महिने बसल्या जागी आकडे रचले असतील. तसे असते तर बरे झाले असते. प्रत्येक पानावर त्याने पट्टीने दोन रकाने आखले होते. एकावर लिहिले होते 'जालें'. दुसऱ्यावर 'सांगलें'. जे झाले ते, आणि मला जे सांगितले ते. जानेवारीपासून एकही रविवार चुकला नव्हता. तो दर रविवारी गाडी त्याच रस्त्यावर नेत होता, चुन्याची तीच रेघ मारत होता, ड्रमवर चालणारी गाडी किती अंतरात थांबते ते टेपने मोजत होता, ड्रम उघडून लायनरची जाडी माझ्याच व्हर्नियरने घेत होता, ते सगळे पहिल्या रकान्यात लिहीत होता. आणि मग दुसऱ्या रकान्यात, मी त्याला शिकवलेल्या पद्धतीने, आधीच्या महिन्यांची रेषा पुढे ओढून, डिस्क असती तर आली असती अशी संख्या काढून, नऊ वाजता मला फोन लावत होता. "लिव."

पहिल्या रकान्यातल्या नोंदी उत्कृष्ट आहेत. जुलैमध्ये रेषा वाकलेली आहे, जशी वाकायला हवी. एका रविवारी समासात लिहिले आहे, "रस्तो ओलो, परत मोजलां." मला दिलेल्या रकान्यात रस्ता कधीच ओला नाही.

लोक म्हणतात, त्याने तुझ्या प्रेमापोटी केले. असेल. प्रेम मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. विश्वासघात मात्र मला रविवार धरून मोजता येतो. त्याची सत्याची चाड गेली असती तर मी त्याला म्हातारा झाला, थकला म्हणून सोडून दिले असते. ती तर पट्टीने आखलेल्या रकान्यात शाबूत होती. फक्त तिच्यात मला जागा नव्हती. खरे काय ते त्याला माहीत असायला हवे होते, मामीला माहीत असायला हवे होते, वहीला माहीत असायला हवे होते. चूक ज्या डोक्यातून निघाली होती त्या डोक्याला तेवढे कळवायचे नव्हते. तीन मिलिमीटरने चुकलेले भोक त्याने मला पुठ्ठा लावून दाखवले होते. दोन बोटे मोडणारी चूक त्याने माझ्यापासून झाकली. पहिल्या वेळी मी त्याची सहकारी होते. दुसऱ्या वेळी त्याने मला पुन्हा फ्रॉक घालून डाव्या सीटवर बसवले. आणि मी, जिने "स्वतंत्र यांत्रिक अवरोध" हे शब्द लिहिले, त्याच्यावर पूर्ण रागावण्याच्या लायकीचीही उरलेली नाही. हाही राग त्याच्यावरच येतो.

मार्गदर्शक बाईंना पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. निबंध मागे घेणे भाग होते. जानेवारीनंतरचा प्रत्येक आकडा निराधार होता आणि परदेशातला अर्ज त्याच निबंधावर उभा होता. मामीने पत्र लिहिताना पाहिले. "मेल्या माणसाचां नाव कित्याक वायट करतंस?" ती म्हणाली. "तुजां पण जातलां. कोणाक कळतलां? वही चुलीत घाल." मी म्हणाले, "मामी, मला तो कळलाच नाही तर मी आठवण तरी कोणाची काढू?" ती बराच वेळ वाकड्या बोटांनी वहीची कड दुमडत बसली. मग म्हणाली, "लिवतंस तर माज्या बोटांचां पण लिव. न्हाणीची ती फट आता पुरे."

पत्र गेले. बाईंचे उत्तर दोन ओळींचे आले: निबंध परत घेतला आहे, 'जालें' हा रकाना मात्र जपून ठेव. विद्यापीठाला मी स्वतः कळवले. तिथून अजून काही आलेले नाही, आणि येईल ते काय असेल याचा मला अंदाज आहे.

पुण्याला परतण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, मी पिकअपमध्ये नारळाची पोती भरून घेतली आणि फेरीच्या धक्क्याकडे निघाले. मामी न विचारता डाव्या सीटवर येऊन बसली. उतारावर, पाण्यापासून बऱ्याच वर, कोरड्या जागी मी गाडी उभी केली. मागे कोणी नाही हे पाहिले. इंजिन बंद केले, गिअर काढून गाडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला. मामी सवयीने वाकली, सीटखालचा चिरा उचलला आणि दाराकडे वळली.

"बसून राहा," मी म्हणाले.

"फातर?" तिने चिरा दाखवत विचारले.

"नको."

ती चिरा मांडीवर घेऊन बसली. मी पाय उचलला. मागे कट् असा आवाज झाला, गाडी किंचित बसल्यासारखी झाली. गिअर काढण्यापूर्वी, गाडी गिअरवर थांबलेली असतानाच, मी उतरून टायरवर आणि जमिनीवर खडूच्या जुळत्या रेघा मारल्या होत्या. फेरी आली. खाकी कपड्यांतला फेरीबोटीवरचा माणूस साखळी सोडता सोडता, गाडी नदीत जाईल या धास्तीने ओरडला, "गो बाय, फातर लाव! न्हंयेत वतली गाडी!" मामी खिडकीतून त्याला म्हणाली, "गप रव रे. मोजता ती." फेरी भरली, गेली, पलीकडे लागली. दहा मिनिटे झाली. मामीच्या पातळावर पोटापाशी तांबूस डाग पडला होता.

मी खाली उतरून पोलादी पट्टीने दोन रेघांमधले अंतर घेतले. पुन्हा घेतले. मग खणातली त्याची वही काढली. ९ नोव्हेंबरच्या ओळीखाली पान कोरे होते, रकाने मात्र त्याने पुढच्या रविवारांसाठी आधीच आखून ठेवले होते. 'जालें'खाली आणि 'सांगलें'खाली मी एकच आकडा लिहिला.

४ मिलिमीटर.